एकच फूलझाड लावायचं? मग खानदेशात मोगराच

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमळनेरला नव्या प्लॉटवर घर झालं, पुढे 10 बाय 8 फुटांची जागा उरली, दुपारचं ऊन थेट तिथे येतं आणि पाणी बोअरचं. सासूबाईंना देवाला फूल हवं, तुम्हाला वास हवा, आणि घरच्यांचं म्हणणं, दहा झाडं जाळण्यापेक्षा एकच लावा आणि ते नीट जगवा. हे शेवटचं म्हणणं मला पटलं. माझं उत्तर मोगरा.

पुण्या-नाशिकची माणसं फूलझाड निवडताना रंग बघतात, वास बघतात. आपण आधी मे महिना बघायचा. जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे जातो, धुळे-अमळनेरची दुपारही काही वेगळी नसते. त्या दिवसांत बहुतेक फूलझाडं फुलायचं सोडून नुसतं तग धरायच्या मागे लागतात. मोगऱ्याचं नेमकं उलट. त्याचा बहर मार्चअखेरीस सुरू होतो आणि एप्रिल-मेमध्ये तो भरात असतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधले जातात, तेव्हा अंगणात दुसरं काही नसलं तरी मोगरा असतो. आपला सगळ्यात मोठा ऋतू उन्हाळा, मग फूलही उन्हाळ्याचंच घ्यावं, एवढं साधं माझं गणित आहे.

बाकीचे उमेदवार मी का बाजूला ठेवले, तेही सांगतो. गुलाब नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे फार देखणा येतो, नर्सरीवाले तेव्हाच तो पुढे मांडतात आणि माणूस भुलतो. एप्रिल लागला की त्याच झाडाला बटणाएवढी फुलं येतात आणि पाकळ्यांच्या कडा दुपारपर्यंत करपतात. शिवाय खारं पाणी गुलाबाला अजिबात मानवत नाही. सोनचाफ्याचा वास मला मोगऱ्याहून जास्त आवडतो, पण त्याला निचऱ्याची, फारशी चुनखडी नसलेली जमीन आणि हवेत ओल लागते. नवापूर, अक्कलकुव्याकडे पाऊस बरा पडतो, तिथे असता तर मी विचार केला असता. अमळनेरच्या कोरड्या झळांत त्याची पानं टोकापासून जळत येतात. पारिजातक पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर फुलतो, आणि 10 बाय 8 च्या जागेत तो चार-पाच वर्षांत तुमच्या खिडकीवर बसेल. कण्हेर उन्हाला पुरून उरते हे खरं, पण तिचं पान, फूल, चीक, सगळंच विषारी. घरात लहान मूल असेल किंवा गल्लीत शेळ्या फिरत असतील तर नकोच.

जास्वंदीबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण सासूबाईंचं मत बहुधा तिलाच पडेल. रोज एक-दोन फुलं, गणपतीला लाल रंग, वर्षातले बरेच महिने फुलणं, हे सगळं तिच्या बाजूने आहे. अडचण पिठ्या ढेकणाची. पांढरा कापसासारखा थर शेंड्यांवर बसतो, पानं आकसतात, कळ्या गळतात. हा ढेकूण कपाशीवरही असतो, आणि आपल्या चहूबाजूंनी कपाशीच आहे. तुम्ही साबणाच्या पाण्याने धुऊन काढाल, पंधरवड्यात तो परत येईल. हे करत राहायची तयारी असेल तर जास्वंद वाईट नाही. आणि तुमची अट ‘वर्षभर रोज देवाला ताजं फूल’ एवढी एकच असती तर मी मोगरा सुचवलाच नसता. तगर लावा म्हणालो असतो.

कारण मोगऱ्याची उणी बाजू तीच आहे. पावसाळ्यात बहर ओसरतो, थंडीत झाड गप्प बसतं. श्रावणात कानबाई बसेल तेव्हा चार-दोन फुलं मिळाली तर मिळाली, भाद्रपद-आश्विनात गुलाबाईच्या दिवसांत तीही नाहीत, दिवाळीला झेंडू विकतच आणावा लागेल. हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे नोव्हेंबरात झाड नावं ठेवून घेणार नाही.

आता जमीन. नवीन प्लॉटवर दोनपैकी एक गोष्ट असते. एक तर खाली काळी माती, किंवा वर टाकलेला मुरमाचा भराव आणि त्यात बांधकामाचा चुना-सिमेंट मिसळलेला. दुसरा प्रकार असेल तर वरचा फूटभर थर काढून टाका. सिमेंटमिश्रित मातीत मोगरा पिवळा पडणार हे ठरलेलं. काळी माती असेल तर वेगळी काळजी. काळ्या जमिनीत खोल खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती भरली की पावसाळ्यात तो खड्डा म्हणजे टाकी होते, चारी बाजूंचं पाणी त्यात उतरतं आणि मुळं कुजतात. म्हणून दीड फुटाचाच खड्डा घ्या आणि झाड जमिनीच्या पातळीपेक्षा वीतभर उंच, मातीच्या ओट्यावर लावा. भरताना खणलेली माती निम्मी, चांगलं कुजलेलं शेणखत, बारीक मुरूम आणि दोन मुठी निंबोळी पेंड. चुलीची राख घालू नका. आपली जमीन मुळातच विम्लतेकडे (आम्लतेच्या उलट, क्षारांच्या बाजूला) झुकलेली, राखेने ती आणखी वाढते. पाणी दिल्यावर ते वरच साचत असेल आणि वाळल्यावर पांढरा थर येत असेल तर जमीन चोपण आहे. तिथे सुधारणेच्या भानगडीत न पडता बाहेरून चांगली माती आणून ओट्यातच लावा.

भिंतीपासून दोन फूट तरी अंतर ठेवा. पश्चिमेची सिमेंटची भिंत रात्री नऊपर्यंत उष्णता ओकत असते, झाड उन्हाने नाही पण भिंतीने भाजतं. ऊन मात्र हवंच, पाच-सहा तास थेट. सावलीतला मोगरा हिरवागार दिसतो आणि फुलत नाही. पहिल्या उन्हाळ्यात तेवढं दुपारी हिरवी जाळी किंवा बारदान बांधा, पुढच्या वर्षापासून गरज नाही.

मोगरा ऊन सोसतो म्हणून तो कोरडेपणाही सोसतो, असं समजू नका. फिलिपिन्सने 1934 साली याला राष्ट्रीय फूल म्हणून मान्यता दिली, आणि तो देश दमट आहे. बहराच्या काळात मुळाशी ओल टिकली नाही तर कळ्या मोहरीएवढ्या असतानाच वाळतात. एक-दोन ड्रिपर आणि पाण्याच्या टाकीला छोटा कॉक, एवढं ठिबक या एका झाडाला पुरतं. ठिबकचं सामान आपल्या जिल्ह्यात कुठेही मिळतं. खाली आच्छादन घाला: केळीची वाळलेली पानं, पाचट, गव्हाचं काड, जे हाताशी असेल ते. खोडाला मात्र चिकटवू नका, वाळवी वर चढते.

पाणी कोणतं, हे मी मुद्दाम वेगळं सांगतो, कारण उन्हाळ्यात पाणी वाचवायच्या नादात चांगली झाडं मरतात. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडाला घालायचं नाही. कूलर दिवसभर पाणी उडवतो आणि क्षार मागे ठेवतो. टाकीच्या तळाशी पांढरी खपली जमते ती हीच. आधीच बोअरचं पाणी जड, त्यात ते दुप्पट-तिप्पट खारं झालेलं. आरओ फिल्टरच्या नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचंही तेच. उलट एसीचं पाणी हवेतल्या वाफेचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात, ते खुशाल घाला. आणि पावसाळ्यात पत्र्यावरून, गच्चीवरून येणारं पाणी एखाद-दुसऱ्या वेळी झाडाच्या आळ्यात सोडा. वर्षभर साठलेले क्षार धुऊन खाली जातात. म्हणूनच ओट्याला निचरा हवा.

तरीही पानं पिवळी पडतील. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, तेही कोवळ्या शेंड्यांवर, असं दिसलं तर ते लोहाची कमतरता समजा. लोह जमिनीत असतं, चुनखडीमुळे मुळांना मिळत नाही. लोक हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकतात, तोही तसाच अडकून बसतो. त्यापेक्षा लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, महिन्याने परत. आणि युरियाचं पोतं घरात पडलंय म्हणून मूठभर इथे टाकायचा मोह आवरा. झाड उंच होईल, पानं तळहाताएवढी होतील, कळी शोधावी लागेल.

बहराचं सगळं मर्म हिवाळ्यात आहे. डाळिंब किंवा लिंबूवाले ताण देतात हे तुम्ही पाहिलं असेल, मोगऱ्याचंही तेच. डिसेंबरच्या मध्यानंतर पाणी तोडा. पानं मलूल होतील, काही गळतील, घाबरू नका. संक्रांतीच्या आसपास झाड जमिनीपासून दीड फुटावर छाटा, वाळक्या आणि आत वळलेल्या फांद्या मुळातून काढा, उरलेली पानंही ओरबाडून टाका. तमिळनाडूत मोगऱ्याची शेती करणारे ही छाटणी नोव्हेंबरअखेर करतात, पण तिथे आपल्यासारखी थंडी पडत नाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा 10 च्या खाली जातो, लवकर छाटलं तर नवी फूट थिजून राहते. छाटणीनंतर माती हलकी चाळवा, शेणखत-पेंड द्या आणि पाणी सुरू करा. कळी नव्या फुटीवरच येते, म्हणून कात्री चालवताना हात आखडू नका. मार्चअखेर पहिला बहर येईल. तो संपला की प्रत्येक फांदीचा शेंडा दोन-तीन पानांखाली खुडा, महिना-सव्वा महिन्यात पुढचा बहर धरतो.

कीड फार नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाल कोळी येतो. पानं धुरकट दिसतात, खाली बारीक जाळी असते. पानांच्या खालच्या बाजूला सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारला की बराच आटोक्यात येतो. कळीला छिद्र दिसलं तर आत अळी आहे, ती कळी तोडून नष्ट करा. कळ्या न उमलता गुलाबी-जांभळ्या होत असतील तर ती बारीक माशीच्या अळीची करामत. तिचा कोष मातीत असतो, म्हणून खाली पडलेल्या कळ्या उचला आणि वरची माती चाळवत राहा. शेतावरचं कपाशीचं औषध कृपा करून यावर मारू नका. हे फूल केसात जाणार, देवापुढे जाणार, आणि उन्हाळ्यात वाळ्याबरोबर माठातही पडणार.

जातींच्या नावांचा नर्सरीत गोंधळ असतो, एकाचा बटमोगरा तो दुसऱ्याचा हजारी. नाव न विचारता कळी बघा. लांबट, टोकदार कळीचा मदनबाण गजऱ्याला सोपा आणि कळ्या भरपूर. गोल, गच्च पाकळ्यांचा मोगरा दिसायला भारदस्त, पण फुलं कमी आणि कडक उन्हात कडा लवकर तपकिरी होतात. तुमच्या जागेला मी मदनबाण घेईन. एप्रिलमध्ये कळ्या असताना पसंत करून ठेवा, लावायचा मात्र मृगाचा पाऊस झाल्यावर. शेजारी कुणाकडे चांगलं झाड असेल तर विकत घ्यायचीही गरज नाही: पावसाळ्यात खालची फांदी वाकवून, डोळ्याजवळ हलकी खाच देऊन मातीत दाबा, वर दगड ठेवा. दोन-तीन महिन्यांत मुळं धरतात.

गजऱ्यासाठी कळ्या संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास तोडा. पूर्ण भरलेली, पांढरी झालेली कळी तोडल्यावरही रात्री उमलते. हिरवट कळी तशीच राहून वाळते. देवासाठी पहाटे उमललेली घ्या.

सासूबाईंची एक शंका तुम्ही शेवटी लिहिली आहे, की मोगऱ्याच्या वासाला साप येतो. वासाला येत नाही. साप उंदीर-बेडकांच्या मागावर येतो आणि उन्हाळ्यात गारव्याला, अडचणीला बसतो. दाट झुडपाखाली ओल असली की त्याला दोन्ही मिळतं. म्हणून खोडापासून वीतभर उंचीपर्यंतच्या फांद्या काढून बुंधा मोकळा ठेवा, आच्छादनाचा थर तीन-चार बोटांपेक्षा जाड नको. बांधकामातल्या उरलेल्या विटा आणि फरशीचे तुकडे कोपऱ्यात रचलेले असतील तर झाड लावायच्या आधी ते उचला. मोगऱ्यापेक्षा त्या ढिगाची भीती जास्त.