काकवीच्या बाटलीवर काय लिहायचं?

भाचीनं यंदा घरच्या गुऱ्हाळावरची काकवी बाटल्यांत भरून विकायला काढलीय. परवा लेबलाचा मसुदा पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, काकवीला इंग्रजीत मोलॅसिस लिहू का ट्रीकल? छापणारा म्हणतोय, दोन्ही एकच."

ते दोन्ही एकमेकांच्या जवळचे आहेत, हे खरं. पण काकवी त्या दोन्हींतली नाही.

मोलॅसिस म्हणजे कारखान्यातली मळी. रस आटवून साखरेचे दाणे धरतात, ते यंत्रात गरगरा फिरवून वेगळे काढतात, आणि मागं जे काळं, दाट उरतं ते मोलॅसिस. तेच पुन्हा पुन्हा आटवून, निघेल तेवढी साखर काढून शेवटी राहतं त्याला ब्लॅकस्ट्रॅप म्हणतात. आपल्याकडं ते टँकरनं डिस्टिलरीला जातं. काकवीतून साखर कुणी काढून घेतलेली नसते. काहिलीतला रस साधारण 105-106 अंशांवर उतरवला की काकवी, 118 पर्यंत नेला की गूळ. घोळ वाढतो तो आपल्याच शब्दानं, कारण भेंडीचं पाणी घातल्यावर काहिलीत वर येणारी घाणही आपण मळीच म्हणतो. तिला इंग्रजीत स्कम.

अमेरिकेत काही भागांत ज्वारीच्या जातीच्या गोड धाटांचा रस आटवून केलेल्या पाकालाही मोलॅसिस म्हणतात. छापणाऱ्याची बाजू घ्यायचीच तर एवढाच आधार आहे.

ट्रीकल हा विलायती शब्द. साखर शुद्ध करताना उरणारा काळा पाक. मूळ मात्र ग्रीक, आणि अर्थ जनावर चावल्यावर द्यायचा उतारा. असली औषधं मधात किंवा पाकात कालवून देत. पुढं औषध गेलं, पाक राहिला आणि नाव त्यालाच चिकटलं. आपण म्हणतो, गुळानं मरतो त्याला विष कशाला. तिकडं पाकाचं नावच विषाच्या उताऱ्यावरून.

मसुद्यात तिनं 'लिक्विड जॅगरी' असंही लिहिलं होतं. चूक नाही, भारतात चालतं. पण जॅगरीची गंमत अशी की तो शब्द गुळाचा नव्हेच. संस्कृत शर्करा मल्याळममध्ये चक्करा झाली, पोर्तुगिजांनी तिची जागरा केली आणि इंग्रजांनी जॅगरी. शुगर हा शब्दही त्याच शर्करेचा, फक्त तो अरबांच्या हातून गेला. म्हणजे साखर नको म्हणून जॅगरी मागणारा माणूस शब्दानं साखरच मागत असतो. गूळ हा शब्द 'गुड'वरून आला, त्याचं घराणं वेगळं.

'चिपाडाच्या जाळावर आटवलेली' याला तिनं बगॅस वापरलंय, ते बरोबर. मस्कोव्हाडो मात्र खोडायला लावलं. ती मळी न काढलेली साखर, पातळ पाक नव्हे. तिचा मॉस्कोशीही काही संबंध नाही.

अडलं ते गुळव्यापाशी. त्याला इंग्रजीत नेमका शब्द मला सापडला नाही, 'जॅगरी मेकर' म्हणजे नुसता हुद्दा झाला. पण त्याच्या हातातलं काम इंग्रजीत आहे. गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळून बघतो आणि मगच काहील उतरवायला सांगतो. तिकडचे मिठाईवाले हेच करतात. गोळी मऊ असली तर सॉफ्ट बॉल, जरा घट्ट झाली की फर्म बॉल. फर्म बॉल 118 अंशांच्या आसपास धरतात, म्हणजे आपल्या गुळाच्याच ठिकाणी. काकवी त्या आधीच उतरवलेली, तिची गोळी वळत नाही.

म्हणून तिला कळवलं: वर मोठ्या अक्षरांत 'काकवी', त्याखाली तेच रोमन लिपीत, आणि बारीक अक्षरांत केन सिरप. उसाचा सगळा रस आटवून केलेल्या पाकाला इंग्रजीत हेच म्हणतात. तिचं उत्तर आलं, "मामा, सिरप लिहिलं तर लोक खोकल्याचं औषध समजतील." त्यावर बाटलीच्या चित्राशेजारी भाकरी काढायचं ठरलंय.