उत्तर: बहिणीला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) निघाला, स्टेरॉइडने बरी झाली, मग आता औषध कशाला?

दादा, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि नीट झोप लागली नाही. बहीण २७ वर्षांची, एक डोळा दुखून धूसर झाला, मेंदूच्या एमआरआयमध्ये डाग दिसले, पाच दिवस सलाईनमधून स्टेरॉइड दिलं आणि आता पेपरातली बारीक अक्षरंसुद्धा वाचते, म्हणून आई म्हणतात की पोर ठणठणीत आहे तर कायमची इंजेक्शनं कशाला मागे लावून घ्यायची. आमच्या घरात २०१६ साली हेच बोलणं झालं होतं. फक्त बोलणारा मी होतो, बायकोच्या बाबतीत.

मायलिन म्हणजे नसांवरचं आवरण आणि एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्यावर हल्ला करते, एवढं तुम्ही आत्तापर्यंत वाचलंच असेल, बाकी सोडतो. मी डॉक्टर नाही, कुठलं औषध घ्यायचं ते तुमचे न्यूरोच (न्यूरोलॉजिस्ट) सांगतील. हा फक्त एका घरचा अनुभव.

बायकोला आठवड्याला एक इंटरफेरॉनचं (एमएस परत उसळू नये म्हणून देतात ते औषध) इंजेक्शन होतं. शनिवारी रात्री घ्यायचं आणि रविवार अंगदुखी, कणकण, थंडी यात जायचा. वर्षभर नवीन काहीच झालं नाही. ना मुंग्या, ना डोळ्याचा त्रास. मला वाटलं आजार गेला, आता त्रास आहे तो औषधाचाच. एका रविवारी ती पांघरूण घेऊन पडलेली बघून मीच म्हटलं, बंदच करू. डॉक्टरांना विचारलंसुद्धा नाही, पुढची अपॉइंटमेंटही घेतली नाही. तीही माझ्यावर विश्वास ठेवून हो म्हणाली, आणि ते मला अजून बोचतं.

अकरा महिने मस्त गेले. बाराव्या महिन्यात सकाळी उठली तर कमरेखाली बधिर, बाथरूमपर्यंत मी धरून नेलं. परत स्टेरॉइड, परत एमआरआय. जुन्या फिल्मशी ताडून बघितलं तर नुसता एक नवीन डाग नव्हता, बरेच होते, आणि त्यातल्या बहुतेकांनी तिला कधी काही जाणवूच दिलं नव्हतं. उजवा पाय सुधारला. डाव्या पायाचा चवडा आजही नीट उचलला जात नाही, जिना चढताना कठडा लागतो.

त्या दिवशी न्यूरोंनी जे सांगितलं ते कुणीतरी पहिल्याच दिवशी ठासून सांगायला हवं होतं. स्टेरॉइड आलेला अटॅक (लक्षणांचा झटका) लवकर ओसरवतं, पुढचा थांबवत नाही. पुढचे अटॅक कमी करायला ते इंटरफेरॉनसारखं दुसरं औषध, आणि ते काम करतंय हे अंगाला कळत नाही, कारण काही न होणं हेच त्याचं काम. त्यामुळे "बरं वाटतंय" हे औषध बंद करायचं कारण होऊच शकत नाही. सोसत नसेल तर बदलून मागा, आता गोळ्याही आहेत, बाकी पर्यायही आहेत. पण मधेच स्वतःच्या मनाने सोडू नका. आईंना एवढं एकच पटवा, बाकी सगळं नंतर.

अजून एक, एक्वापोरिन-४ अँटिबॉडीची रक्ततपासणी झाली आहे का ते विचारा. एनएमओ म्हणून एमएससारखाच दिसणारा वेगळा आजार असतो आणि एमएसची काही औषधं त्यात उलट नुकसान करतात. तुमच्या डॉक्टरांनी बहुतेक केलीच असेल, तरी रिपोर्ट डोळ्यांनी बघा.

तापात किंवा मे महिन्याच्या उकाड्यात जुनी लक्षणं परत आली तर लगेच घाबरू नका, अंग गार झालं की ती बऱ्याचदा उतरतात. आम्ही ओला पंचा मानेवर ठेवतो. ताप नाही, इन्फेक्शन नाही आणि तरी त्रास २४ तासांवर टिकला तर मात्र फोन करायचाच. लघवीचं इन्फेक्शन आधी तपासा, आमचे दोन "अटॅक" तेच निघाले.

आता थोडा राग काढतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एमएस नावानिशी आहे, तरी सर्टिफिकेटसाठी गेलो तिथे टेबलापलीकडच्या माणसाने मान वर करून "चालतायत की बाई" एवढंच म्हटलं आणि फाइल सरकवली. तीन चकरा, दर वेळी उन्हात रांग. थकवा, डोळा, लघवीचा त्रास हे त्याला दिसणार कसं? बहिणीला पुढे कधी गरज पडली तर न्यूरोंकडून प्रत्येक त्रास लेखी घेऊनच जा.

आणि स्थळं बघताय, आई म्हणतात लपवू. माझं मत विचाराल तर लपवू नका. लग्नानंतर फ्रिजमधली इंजेक्शनं लपवता येत नाहीत, मग पोरी औषधच सोडतात. एमएस असून मुलं होतात, फक्त औषधांचं आधी ठरवावं लागतं.

मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून आहे, मुंबई-पुण्यात त्यांचे चॅप्टर आहेत, तिथे बहिणीच्या वयाच्या मुली भेटतील. आई ऐकतच नसतील तर मला व्यनि (खाजगी मेसेज) करा, बायको त्यांच्याशी फोनवर बोलेल. तिला विचारूनच लिहितोय.