दोन डिस्क असल्या तरी बॅकअप हवाच

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत पंधरा संगणक आणि एक सर्व्हर आहे. सर्व्हरमधल्या दोन हार्डडिस्क रेड-१ पद्धतीने जोडल्या आहेत. तरीही वेगळा बॅकअप घ्यायला हवा का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : हवा, आणि आजपासूनच. रेड-१ मध्ये एका डिस्कवर लिहिलेलं त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जातं. एक डिस्क बंद पडली तर काम थांबत नाही, एवढाच तिचा उपयोग. कुणी चुकून फोल्डर पुसला तर तो दोन्हीकडून जातो. खंडणीखोर व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर त्याही दोन्हीकडे.

मी एका कारखान्यात असताना बॅकअप रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर जायचा. पण ती डिस्क सर्व्हरला कायम जोडलेली. व्हायरस आला तो तिच्यातही शिरला. मार्चअखेरच्या नोंदी आम्ही चौघांनी व्हाउचरांचे गठ्ठे उघडून अकरा दिवस पुन्हा भरल्या. ते दिवस मी विसरलेलो नाही, म्हणून कळकळीने सांगतो : दोन बाहेरच्या डिस्क घ्या, आलटूनपालटून वापरा, बॅकअप होताच काढून ठेवा. एक कायम कार्यालयाबाहेर असू द्या.

चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करू नका. सॉफ्टवेअरमधलीच बॅकअपची सोय वापरा. अपडेटही टाळू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा असाच खंडणीखोर व्हायरस पसरला, त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता.

आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. बॅकअपच्या दिवसाची रोजकीर्द छापील प्रतीशी जुळली, तरच तो खरा धरा.