रेन लिलीला नुसती पात येते, फूल का येत नाही?

जुन्नरकडच्या एका दादांनी विचारलंय. शेततळं खोदताना निघालेले काळे दगड रचून त्यांनी कृषी पर्यटनाच्या गेटजवळ रॉक गार्डन केलंय, त्यात गुलाबी आणि पांढऱ्या रेन लिलीचे दोनेकशे कंद लावले, वर्ष होऊन गेलं, पात भरगच्च पण फुलं चार-दोनच, आणि खालच्या अंगाचे कंद सडायला लागलेत. ठिबकनं रोज पाणी चालूय, महिन्याला मूठभर युरियाही चालूय.

दादा, तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. ही लिली लाडानं बिघडते. जमीन चांगली सुकली आणि मग दणकून पाऊस झाला की हिला फूल काढायची बुद्धी होते, म्हणून तर नाव रेन लिली. तुमच्याकडं बाराही महिने ओल, मग तिला पाऊस आला हे कळणार कसं? आता ठिबक बंद करा, तीन-चार आठवडे थेंब देऊ नका, पात पिवळी पडली तरी घाबरू नका, कंद खाली जिवंत असतो. मग एक दिवस पाईपनं सगळं भिजवून काढा, साधारण आठवडाभरात कळ्या दिसायला लागतील. पावसाळ्यात हे काम उघडीप आणि सरी आपोआप करतात, तेव्हा तुम्ही मधे पडू नका. गुलाबी आधी फुलते, पांढरीचा खरा बहर पावसाळ्याच्या शेवटाला असतो, त्यामुळं जूनमध्ये पांढरी आली नाही म्हणून उपटू नका.

युरिया तर आजच बंद. नत्रानं नुसती पात माजते. पावसाळ्याच्या तोंडाला कुजलेलं शेणखत आणि थोडा हाडांचा चुरा, बास. ऊन मात्र रोज पाच-सहा तास पाहिजे, आंब्याच्या सावलीत असेल तर बाकीचं सगळं करून उपयोग नाही.

आता सड. एक कंद उकरा आणि अंगठ्यानं दाबून बघा, कांद्यासारखा टणक लागला तर ठीक, बोट आत गेलं आणि वास आला तर फेकून द्या, शेजारचे काढून दोन दिवस सावलीत सुकवा. पण मूळ दुखणं कंदात नाही, रचनेत आहे. बरेच जण काळ्या मातीवर नुसते दगड मांडतात, खाली पाणी साचतं. खाली चार-सहा इंच विटांचे तुकडे किंवा डबर घाला, वर माती, बारीक मुरूम आणि शेणखत समान. दगड एक तृतीयांश मातीत गाडा आणि आतल्या बाजूला किंचित कलता ठेवा, म्हणजे पाणी मागं मुळाकडं जातं, माती वाहून जात नाही. कंद दीड-दोन इंच खोल, तीन-चार इंचावर. तीन-चार वर्षं हलवू नका, दाटी झाली की उलट जास्त फुलतात.

एक गंमत सांगतो, आमच्या क्वार्टरसमोर मे महिन्यात माळीकाकांनी गवत समजून खुरप्यानं सगळी पात साफ केली, मी चिडलो होतो, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी तिथं नुसती गुलाबी चादर. काका अजून ऐकवतात.

दापोलीच्या ताईंनी काळ्या, पांढऱ्या-लाल ठिपक्यांच्या अळ्यांचं विचारलंय. ती लिलीची अळी, पावसाळ्यात येते आणि दोन रात्रींत पात फस्त करते. थोड्या असतील तर सकाळी हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाका. जास्त असतील तर 5 टक्के निंबोळी अर्क, म्हणजे 500 ग्रॅम निंबोळी चूर्ण रात्रभर भिजवून, गाळून 10 लिटर पाणी करायचं, संध्याकाळी फवारायचं. एवढ्यासाठी जहाल औषध आणू नका.

हाराला, मार्केटला चालेल का? नाही. फूल एक-दोन दिवसांत मान टाकतं. विकायचेच तर पिशवीत वाढवलेले कंद विका.

आणि हे नीट वाचा, कंद विषारी आहे. पांढरीची पात कांद्याच्या पातीसारखी दिसते, त्यामुळं परसबागेत कांदा-लसणाच्या वाफ्याशेजारी लावू नका. शेळ्या मोकळ्या फिरत असतील तर आधी कुंपण, मग लिली. पर्यटनाला येणाऱ्या पोरांनी कंद उकरू नये म्हणून तिथं एक पाटीपण लावून टाका.