कॅम्पर व्हॅनमध्ये १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज कोणता घ्यावा आणि कसा बसवावा?

दोघांसाठी ४० ते ५० लिटरचा पुरतो. शक्यतो वरून उघडणारा घ्या, झाकण उघडलं तरी थंड हवा तळाशीच राहते.

खरी गडबड वायरिंगमध्ये होते. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर अजिबात विसंबू नका. तिथली वायर बहुधा बारीक असते, कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज पडतं आणि बॅटरी भरलेली असूनही फ्रीज बंद पडतो. त्यापेक्षा थेट बॅटरीपासून ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढा आणि फ्यूज बॅटरीजवळच लावा. गाडी सुरू करणाऱ्या बॅटरीवर फ्रीज चालवू नका, वेगळी हवीच. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी साधारण दोन दिवस काढते, कडक उन्हाळ्यात कमी. कॉम्प्रेसरच्या जाळीसमोर हवा खेळायला जागा सोडा आणि फ्रीज पट्ट्यांनी घट्ट बांधा.