प्रागमध्ये चार दिवस आहे. सुदेक, द्र्तिकोल हे जुने झेक छायाचित्रकार पुस्तकांत पाहिलेत. आजच्या तरुण झेक छायाचित्रकारांचं काम कुठे बघू?

विमानाचं तिकीट अजून काढलं नसेल तर आधी तारखा जुळवा. कलाशाळांत शिकणाऱ्या मंडळींचं सगळ्यात ताजं काम सत्रअखेरच्या परीक्षेच्या वेळी बाहेर येतं, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत आणि जूनमध्ये. त्या परीक्षेला तिथे 'क्लाउझुरी' म्हणतात. उमप्रुम या कलाशाळेत तेव्हा 'आर्तसेमेस्टर' नावाचं प्रदर्शन लागतं. वर्गखोल्याच दालनं होतात आणि कुणीही आत जाऊ शकतं. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर यातलं काही मिळणार नाही.

एरवी गेलात तर तीन ठिकाणं धरा. पहिलं, मालोस्त्रान्स्के नाम्येस्ती चौकातली गामू. फामू ही फोटोग्राफीही शिकवणारी चित्रपटशाळा ज्या अकादमीत येते तिची ही गॅलरी. दुसरं, उयेज्द रस्त्यावरच्या 30 क्रमांकाच्या घरामागच्या अंगणात सुदेकचा लाकडी स्टुडिओ आहे. मूळचा जळला, हा पुन्हा बांधलेला. पण तिथे सुदेक नाही, समकालीन छायाचित्रं लागतात. तिसरं, शहर-गॅलरीचं 'दूम फोटोग्राफिए'. इथे प्रस्थापितही असतात, त्यामुळे आधी कोण लागलंय ते बघूनच जा.

घोटाळा होतो तो वेळेचा. लहान गॅलऱ्या बऱ्याचदा दुपारीच उघडतात, सोमवारी बहुतेक ठिकाणी कुलूप, आणि दोन प्रदर्शनांच्या मधे मांडणीसाठी काही दिवस बंद. म्हणून 'व्हेर्निसाझ', म्हणजे उद्घाटनाची संध्याकाळ, गाठा. कलाकार समोरच उभा असतो आणि बोलायला वेळही असतो.

कृष्णधवल, धुक्यातलं प्राग डोक्यात घेऊन गेलात तर निराशा पदरी पडेल. फामू-उमप्रुमची मुलं फोटो फ्रेममध्ये घालतीलच असं नाही: वॉलपेपरसारखा भिंतीला चिकटवलेला प्रिंट, जमिनीवर टेकवलेला, शेजारी व्हिडिओ किंवा एखादी वस्तू. अशा वेळी खालची चिठ्ठी वाचाच. 'बेझ नाझ्वू' म्हणजे शीर्षक नाही, 'झ त्सिक्लू' म्हणजे मालिकेतलं एक. तेव्हा एकट्या फोटोवर मत बनवू नका, मालिकेतले बाकीचे शोधा. 'पिग्मेंतोवी तिस्क' हा इंकजेट प्रिंट. '1/5' म्हणजे पाच प्रतींतली पहिली. विकत घ्यायचा विचार असेल तर हा आकडा आधी बघायचा.

माणसांचे, गावांचे डॉक्युमेंटरी फोटो आवडत असतील तर माझ्या मते ओपावा या झेक शहरातल्या शाळेचं काम जास्त भावेल. तिथल्या विद्यापीठातली छायाचित्रण-संस्था 1990 पासूनची. नोकरी सांभाळून शिकणारे बरेच, पोलिश आणि स्लोव्हाकही भरपूर. पण ओपावा प्रागपासून लांब, बऱ्याचदा ओस्त्रावा-स्विनोवला गाडी बदलावी लागते. चार दिवसांत तिथे जायचा हट्ट नको. त्यांची प्रदर्शनं प्रागमध्येही येतात.

सोमवार मोकळा ठेवा आणि शहर फिरा.