'मी नक्की कोण' टाईप टीनएज पुस्तक?
चौदा वर्षांच्या मुलीला स्वतःची ओळख, स्वतःला स्वीकारणं वगैरे विषयावरचं पुस्तक हवंय म्हणालात तर जीन लुएन यांगचं 'अमेरिकन बॉर्न चायनीज' द्या, 2006 चं आहे आणि प्रिंट्झ अवॉर्ड (टीनएज पुस्तकांसाठीचा अमेरिकन पुरस्कार) मिळालेलं पहिलं ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांतून सांगितलेली कादंबरी, हेच. तीन गोष्टी वेगवेगळ्या चालतात, एकीत माकडांचा राजा आहे ज्याला माकड असण्याचीच लाज वाटते, दुसरीत शाळेतला चिनी वंशाचा मुलगा, आणि त्या शेवटी कशा जुळतात ते सांगत नाही, मजा जाईल. तिसरीतलं एक पात्र मुद्दाम चिनी लोकांची टिंगल करणाऱ्या अपमानकारक कार्टूनसारखं रंगवलंय, ते बघून दचकू नका, तोच तर मुद्दा आहे. चित्रं आहेत म्हणून लहान पोरांचं समजू नका हां. आणि वाचून झाल्यावर 'काय शिकलीस' असलं काही विचारू नका प्लीज.